इनामगाव कोणती भाषा बोलत होतं?

शिरूर तालुक्यातल्या घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. सांकळिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी त्याचा जाडजूड अहवाल १९८८ साली काढला. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली ही शेतकऱ्यांची वस्ती. शंभरावर घरांचे अवशेष सापडले, सातूचे जळके दाणे सापडले, पाटाच्या पाण्याची सोय सापडली. लहान मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घरातच जमिनीखाली पुरायचे. मोठ्या माणसाला पुरताना घोट्याखाली पाय तोडायचे. इतकं सगळं कळलं, पण ही माणसं रडताना कोणत्या भाषेत रडत होती ते कळायला मार्ग नाही. खापरांवर नक्षी आहे, अक्षर नाही. गावाच्या नावाचाही उपयोग नाही: 'इनाम' अरबीतून फारसीमार्गे आलेला, 'गाव' ग्रामावरून. साडेतीन हजार वर्षांच्या वस्तीला काही शतकांपूर्वीचं नाव.

तरी माणूस गप्प बसत नाही. शब्दांना शब्द जोडत मागे जाता येईल, असं वाटतंच. मी ते काम करून बघतो आहे. समोर टर्नरचा इंडो-आर्यन भाषांचा तुलनात्मक कोश, शेजारी बरो आणि एमेनो यांचा द्राविडी व्युत्पत्तिकोश, मध्ये उभे रकाने आखलेली वही. पहिल्या रकान्यात शिरूर-दौंडकडचा शब्द, पुढे त्याची भावंडं, आणि शेवटचा रकाना ध्वनिनियमाचा. हा शेवटचा रकाना भरता भरता जीव मेटाकुटीला येतो.

कारण सारखे दिसणारे शब्द ढिगाने मिळतात. फारसीत 'बद' म्हणजे वाईट, इंग्रजीत 'बॅड' म्हणजेही वाईट. दोघांचा काडीचा संबंध नाही. नातं ठरतं ते नेमाने होणाऱ्या बदलावरून. पुत्र, सूत्र, रात्रि, मूत्र यांचे मराठीत पूत, सूत, रात, मूत झाले. 'त्र'चा दर खेपेला 'त'. मग 'मित्र' तसाच कसा? तो पिढ्यान्‌पिढ्या तोंडात झिजत आलेला नाही, पुढे संस्कृतातून उचललेला आहे. अपवादाचंही असं कारण देता आलं, की रकाना भरला म्हणायचं.

जोंधळ्याने मला फार वेळ खेळवलं. या पट्ट्यातलं हक्काचं रब्बी पीक. कन्नडमध्ये जोळ, तेलुगूत जोन्न, तमिळमध्ये चोळम्, संस्कृत कोशांत यवनाल. चार भाषांत एक शब्द बघून हात शिवशिवतात. पण ज्वारी मुळात आफ्रिकेची. बियाणं या हातातून त्या हातात गेलं तसं नावही गेलं असणार. त्यावरून भाषांचं रक्ताचं नातं सांगता येत नाही. पिकांची नावं, हत्यारांची नावं म्हणूनच बाजूला ठेवतात आणि आकडे, अवयव, सर्वनामं, पाणी, विस्तव अशा सहसा उसन्या न घेतलेल्या शब्दांपासून सुरुवात करतात.

अक्का, अण्णा, तूप हे शब्द आपले आणि कानड्यांचेही. हा शेजाराचा पुरावा, आणि तो भक्कम आहे. फ्रँकलिन साउथवर्थ यांनी १९७१ साली मराठीची घडणच आर्य आणि द्राविड भाषकांच्या सरमिसळीतून झाली, असं मांडलं. आपल्याकडे विश्वनाथ खैरे यांनी 'द्रविड महाराष्ट्र' आणि 'अडगुळं मडगुळं' लिहून संस्कृत, मराठी, तमिळ यांचा 'संमत' विचार मांडला. खैरे वाचताना नेहमीचे शब्द नव्याने दिसू लागतात, हे त्यांचं मोठं देणं. पण नुसत्या सारखेपणावर त्यांची जेवढी भिस्त आहे, तेवढी मी ठेवणार नाही.

याच्याही मागे जायचं तर महाकुळांचा, म्हणजे वेगवेगळी भाषाकुळं एका मुळाशी नेणाऱ्या कल्पनांचा प्रांत लागतो. डेव्हिड मॅकअल्पिन यांनी १९७४ पासून द्राविडी भाषांचं नातं इराणच्या नैर्ऋत्येकडच्या प्राचीन एलामी भाषेशी जोडलं. सातूही पश्चिम आशियातूनच आलेला, तेव्हा इनामगावचे दाणे आणि ही कल्पना जुळवायचा मोह होतो. पण दाण्याला भाषा नसते, आणि एलामीशी जुळणारे शब्द थोडे, नियम सैल, म्हणून बहुतेक अभ्यासकांना हे पटलेलं नाही.

नॉस्ट्रॅटिक तर आणखी पल्ल्याचं. डॅनिश पंडित पेडरसन यांनी १९०३ साली हे नाव दिलं. इलिच-स्वितिच आणि डोल्गोपोल्स्की यांनी साठच्या दशकात मॉस्कोत त्याचा पाया घातला. त्यात मराठी, तमिळ, फिनिश, जॉर्जियन, अरबी सगळ्या एका पूर्वजाच्या लेकी. आपलं 'मी', जॉर्जियन 'मे', फिनिश 'मिना'. आपलं 'तू', हंगेरियन 'ते'. वाचून अंगावर काटा येतो. पण म, न, त हे ध्वनी जगात कुठेही सापडतात, आणि तमिळ तर 'नान्' आणि 'नी' म्हणून मोकळी. दौंड तालुक्यातल्या केडगावात पंडिता रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतरासाठी ग्रीक आणि हिब्रू आधाराला घेतल्या होत्या. त्यातली ग्रीक मराठीची सिद्ध झालेली नातलग. हिब्रू मात्र नॉस्ट्रॅटिक मानलं तरच नात्यात येते. आठ-दहा हजार वर्षांपलीकडे शब्द इतके झिजतात की नियम आणि योगायोग वेगळे काढता येत नाहीत. माझ्या लेखी नॉस्ट्रॅटिक हा विचार करण्याजोगा प्रस्ताव आहे, शोध नव्हे.

नियम खरा कसा वाजतो ते मी दौंडच्या बाजारात ऐकलं. पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारे एक वडार आजोबा नातवाला दगड मोजून देत होते: ओकटी, रेंडू, मूडू. माझी वही बघून म्हणाले, "काय लिव्हताय मास्तर, आमची बोली व्हय? पोरं बोलंनात आता." त्यांचा तीन म्हणजे मूडू, कन्नडचा मूरु, तमिळचा मून्ऱु, गोंडीचा मूंद, थेट बलुचिस्तानातल्या ब्राहुईचा मुसिट. या द्राविडी ओळीत शेवटचा रकाना भरतो, आणि एलामीचं नाव न काढता भरतो.

उलट टोकाला आपल्याच राज्यात बुलढाण्याच्या जळगाव जामोद भागातली निहाली भाषा आहे. कायपरसारख्या पंडिताने १९६२ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं, तरी ती आजवर कुठल्याही कुळात पक्की बसलेली नाही. इनामगावची भाषा अशीच एखादी असेल, द्राविड असेल, आर्यही असेल.

तुमच्या गावात वडारी, कैकाडी, पारधी बोलणारी म्हातारी माणसं असतील, किंवा घरात जुनं मराठी बोलणारी आजी असेल, तर त्यांच्याजवळ बसा. आकडे, नाती, अवयव, पाणी, पाऊस यांचे शब्द विचारून घ्या. त्यांची संमती घेऊन फोनवर आवाज भरून ठेवा, सोबत गाव आणि वय लिहा. आणि शब्द कानावर पडला तसाच लिहा, शुद्ध करू नका.