दृश्यप्रदूषण आणि नगराची सुवाच्यता

जाहिरातींचे अवाढव्य फलक, लोंबणाऱ्या तारांची जाळी, चौकाचौकांतील अभिनंदनाचे फलक इत्यादींमुळे नगरवासीयांच्या दृष्टीस जो उपद्रव होतो, त्यास ‘दृश्यप्रदूषण’ अशी संज्ञा आहे. हवेचे वा पाण्याचे प्रदूषण मोजता येते, दृष्टीचा उपद्रव मात्र केवळ अभिरुचीचा प्रश्न होय, असा आक्षेप या संज्ञेवर घेतला जातो. तो कितपत ग्राह्य आहे, हे पाहण्याचा येथे हेतू आहे.

प्रथम दृष्टीचा व्यापार लक्षात घेतला पाहिजे. बारकावे टिपण्याचे सामर्थ्य डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी असलेल्या अत्यंत लहान भागातच असते. त्याच्या कक्षेत सुमारे २ अंशांचेच दृश्य येते. म्हणून डोळा सेकंदास सुमारे ३ वेळा रोख बदलीत असतो. दृष्टिक्षेत्राच्या कडेला काही हलले वा लुकलुकले, की हा रोख आपोआप तिकडे वळतो. वृत्तपत्रातील जाहिरातीचे पान उलटता येते; चौकातील झगमगत्या फलकाबाबत पादचाऱ्यास अशी मोकळीक क्वचितच मिळते.

याहून महत्त्वाचा मुद्दा नगराच्या आकलनाचा आहे. अमेरिकन नगररचनाशास्त्रज्ञ केव्हिन लिंच यांनी बॉस्टन, जर्सी सिटी व लॉस एंजेलिस या नगरांतील रहिवाशांच्या मुलाखती घेऊन आणि त्यांच्याकडून नकाशे काढवून घेऊन १९६० साली ‘द इमेज ऑफ द सिटी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. मार्ग, सीमा, विभाग, संगमस्थाने आणि खुणेच्या वास्तू या पाच घटकांच्या आधारे मनुष्य आपले नगर मनात साठवितो, असे त्यांनी दाखविले. हे घटक जेथे स्पष्ट, ते नगर सुवाच्य. फलक नेमके हेच घटक झाकतात. आणि त्यांवरील मजकूर वारंवार बदलत असल्याने तो खुणेचेही काम करू शकत नाही. तेव्हा हानी होते ती सौंदर्याबरोबरच स्थलज्ञानाची.

ब्राझीलमधील साओ पावलो या महानगराने या बाबतीत कठोर उपाय योजला. तेथे २००६ साली संमत झालेला ‘स्वच्छ नगर’ कायदा १ जानेवारी २००७ पासून अमलात आला. त्याने बाह्य जाहिरातफलकांवर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली आणि दुकानाच्या पाटीचा आकार दर्शनी भागाच्या रुंदीशी निगडित केला. १० मीटरांहून कमी रुंदीच्या इमारतीस दीड चौरस मीटर पाटीची मर्यादा पडली. फलक उतरल्यावर जुन्या वास्तू प्रकाशात आल्याच, परंतु फलकांआड दडलेल्या झोपडवस्त्याही दिसू लागल्या. फलक केवळ शोभा बिघडवीत नव्हते; नगराचे दैन्य नगराच्याच दृष्टीआड ठेवीत होते.

आपल्याकडे मालमत्तेच्या विद्रूपीकरणास प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा अधिनियम १९९५ पासून आहे. तरीही १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे वादळात एक फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ जणांचा अंत झाला. महापालिकेची कमाल मर्यादा ४० फूट बाय ४० फूट असता तो सुमारे १२० फूट बाय १२० फूट, म्हणजे क्षेत्रफळाने नऊपट होता. मर्यादेचे उल्लंघन सर्वांच्या डोळ्यांसमोर उभे होते. परंतु फलकांच्या गर्दीस सरावलेल्या दृष्टीस ते उल्लंघन म्हणून जाणवले नाही. दृश्यप्रदूषणाचा सर्वांत घातक परिणाम कदाचित हाच असावा.

याचा अर्थ सर्व पाट्या त्याज्य ठरतात असा नव्हे. बाजारपेठेत परक्या माणसास दुकानाच्या पाटीचाच आधार असतो. ती पाटी आपल्या जागेविषयी सांगते. जाहिरातफलक मात्र जागा अडवितो आणि भलत्याच वस्तूविषयी बोलतो. हा भेद नियमनाचा निकष म्हणून स्वीकारल्यास आरंभीच्या आक्षेपाचे निरसन होते. कारण प्रश्न कोणास काय सुंदर वाटते हा नसून, नगराच्या सामाईक दृश्यावर अधिकार कोणाचा, हा आहे.