स्कॅनरमधील डाग आणि त्याचे निदान

भिलाई ही पोलादाची नगरी. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या येथील कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. जेथे यंत्रे तेथे आराखडे, आणि जेथे आराखडे तेथे आकडे आलेच. अशा नगरीत एखादा जुना आराखडा स्कॅनरवर ठेवला आणि काचेवरील धुळीचा कण नेमका दोन अंकांमध्ये उमटला, तर १२५ मिलिमीटरचे १२.५ मिलिमीटर वाचले जातील. म्हणून स्कॅनरचा दोष ओळखणे हे केवळ टापटिपीचे काम नव्हे.

स्कॅनर संपूर्ण पान एका दमात टिपत नाही. काचेखाली दिवा आणि प्रकाशसंवेदकांची एक रांग असते. ही रांग एका वेळी कागदाची एकच बारीक ओळ वाचते आणि मग पुढील ओळीकडे वळते. दर इंचास ३०० बिंदू या मानाने ए-४ कागदाच्या रुंदीत सुमारे २,४८० बिंदू येतात. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र संगणकात उतरविले, तेव्हा त्याच्या प्रत्येक बाजूस अवघे १७६ बिंदू होते.

ही रीत ध्यानी घेतली, की डागाचा आकारच त्याचा ठावठिकाणा सांगतो. मोठ्या काचेवरील कणाखालून संवेदक एकदाच जातो. म्हणून चित्रात एक ठिपका उमटतो. कागद आपोआप ओढून घेणाऱ्या यंत्रात मात्र संवेदक स्थिर असतो आणि कागद अरुंद काचपट्टीवरून सरकतो. त्या पट्टीवरील कण प्रत्येक ओळीत त्याच जागी आडवा येतो, आणि पानभर सरळ रेघ उमटते.

ठिपका कागदाचा की काचेचा, हे ठरविण्यासाठी कागद उलट्या दिशेने ठेवून पाहावा. ठिपका कागदाबरोबर फिरला नाही, तर तो काचेवरचा समजावा. रेघेचा शोध घेताना तोच कागद मोठ्या काचेवर ठेवावा. तेथे रेघ दिसेनाशी झाली, तर दोष काचपट्टीवर आहे. तेथेही ती कायम राहिली, तर दोष यंत्राच्या आत आहे, आणि ते काम जाणत्या कारागिराकडे सोपवावे.

सफाईपूर्वी यंत्राचा वीजपुरवठा तोडावा. धागे न सुटणारे मऊ कापड किंचित ओलसर करून काच पुसावी व कोरडी करावी. पाणी काचेवर कधीही ओतू नये. ते कडेने आत झिरपते. कागद तिरके वा दोन-दोन ओढले जात असतील, तर रबरी रूळही पुसावेत. शेवटी कोरा पांढरा कागद स्कॅन करून पाहावा. त्याच्या चित्रात एकही खूण नसेल, तरच आराखडा यंत्रावर ठेवावा. आणि आकडे मूळ कागदाशी ताडून पाहिल्यावाचून मूळ कागद दूर करू नये.