नादारी की तगाई?

तहसील कचेरीच्या आवाराबाहेर, जेथे पूर्वी अर्जनवीस आपली लाकडी पेटी मांडून बसत आणि आता संगणक व छपाईयंत्र घेऊन तरुण मुले बसतात, तेथे पोळा उलटून गेल्यानंतरच्या एका दुपारी मी पावसाने अडकून पडलो होतो. शेजारच्या बाकावर एक शेतकरी आणि त्याची कन्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी धरून बसली होती. पिशवीत नीटचे गुणपत्रक होते, अधिवासाचा दाखला होता, नॉन-क्रिमीलेअर होते, आधारला जोडलेले बँकेचे पासबुक होते आणि बापाने चार घड्या घालून जपलेला उत्पन्नाचा दाखला होता. संगणकामागच्या मुलाने तो उलगडला, तारीख पाहिली आणि शांतपणे म्हटले, “काका, ह्याची मुदत एकतीस मार्चलाच संपली की. तलाठ्याकडनं नवा अहवाल आणा.” मुलीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळाली होती, शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा होता, आणि तलाठी त्या दिवशी सजावर नव्हता.

शिष्यवृत्ती हा शब्द आपण इतक्या सैलपणे वापरतो, की त्याच्या पोटात दोन अगदी भिन्न व्यवहार नांदत आहेत हे आपल्या ध्यानातच येत नाही. आपल्या जुन्या बोलीत त्या दोहोंना स्वतंत्र नावे होती. गरिबाच्या मुलाची फी माफ होई तिला ‘नादारी’ म्हणत. ती मिळाली म्हणजे मागे काही परत करावयाचे नसे, कारण विद्या ही सरकारने पदरमोड करून द्यावयाचीच वस्तू आहे असा त्यात अभिप्राय होता. याच्या उलट बी-बियाणे, बैलजोडी किंवा विहीर यांसाठी सरकार शेतकऱ्याला जी रक्कम उचल देई ती ‘तगाई’. १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी तिला रीतसर रूप दिले, आणि पीक हाती आले की ती वसूल व्हावयाची हे देणारा व घेणारा दोघेही जाणून असत. खेड्यातल्या मुलाला डॉक्टर करण्यासाठी सरकार जो खर्च करते तो नादारी समजावा की तगाई, हा प्रश्न वरवर पाहता शब्दच्छलाचा वाटेल. परंतु गेल्या कित्येक वर्षांतला या विषयावरचा सारा गोंधळ, माझ्या मते, या एका प्रश्नाचे उत्तर न देता दोन्ही हातांनी दोन्ही व्यवहार करीत राहिल्यामुळे झालेला आहे.

नादारीची परंपरा महाराष्ट्रात जुनी आणि अभिमानास्पद आहे. यशवंतराव चव्हाणांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांची फी माफ झाली, आणि ‘ईबीसी’ ही तीन इंग्रजी अक्षरे खेडोपाडीच्या पालकांच्या तोंडी मराठी शब्दासारखी रुळली. त्याआधी, १९४४ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांच्या प्रयत्नांनी अस्पृश्य मानलेल्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आजची भारत सरकारची शिष्यवृत्ती ही तिचीच वाढलेली शाखा होय. केंद्राचा साठ टक्के आणि राज्याचा चाळीस टक्के असा तिचा खर्च आता वाटून घेतला जातो, आणि रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात थेट जमा होते. इतर घटकांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे, जिच्यात आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाला शिक्षणशुल्काचा निम्मा भार सरकारकडून मिळतो. वसतिगृहाच्या निर्वाहभत्त्याची योजना डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने चालते. आणि २०२४ मध्ये याच उत्पन्नमर्यादेतील इतर मागास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल व सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क संपूर्ण माफ करण्याचा निर्णय झाला.

कागदावर ही व्यवस्था उदार आहे, आणि ज्यांनी ती रचली त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण प्रवेश श्रावण-भाद्रपदात होतो, अर्ज दिवाळीच्या आगेमागे ‘संस्थेकडे प्रलंबित’ या पाटीखाली पडून राहतो, एखाद्या अक्षराच्या फरकाने तो ‘परत पाठवला’ जातो, आणि रक्कम खात्यावर उतरते तेव्हा पुष्कळदा ते शैक्षणिक वर्ष सरत आलेले असते. प्रवेशाच्या वेळी अशा मुलांकडून शुल्क मागू नये असे शासनाचे आदेश आहेत; तरीही खानावळीचे बिल, पुस्तके, ॲप्रन, स्टेथोस्कोप आणि घरी जाण्यायेण्याचे एसटीचे भाडे या गोष्टी कोणत्याही आदेशाची वाट पाहत नाहीत. पेरणी उलटल्यावर हाती आलेल्या बियाण्याची जी किंमत, तीच या रकमेची होऊन बसते.

याहूनही खोल दोष असा, की ही सारी नादारी प्रवेशानंतर सुरू होते, आणि खेड्यातली बहुसंख्य मुले प्रवेशाच्या आधीच गळून पडलेली असतात. नीटची तयारी हा आज एक स्वतंत्र धंदा आहे. लातूरच्या शिकवणीवर्गांच्या परिसरात जून महिन्यात फेरफटका मारला तर जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली मुले, त्यांच्या खोल्या, त्यांचे डबे, एकदा ‘रिपीट’ केलेली आणि दुसऱ्यांदा करावे की नाही या विवंचनेत असलेली तोंडे दिसतात. या मुलांच्या मागे विकलेला बैल, गहाण पडलेला दागिना किंवा सोसायटीचे कर्ज असते, आणि त्या खर्चाला कोणत्याही शिष्यवृत्तीचा आधार क्वचितच असतो. चाळणीच्या वर जो राहिला त्यालाच आपण मदत करतो, आणि चाळणी कोणी विणली याकडे पाहत नाही. तमिळनाडूने याबाबतीत एक पाऊल पुढे टाकले. २०२० मध्ये तेथे सरकारी शाळांत शिकलेल्या, पण नीट उत्तीर्ण झालेल्या मुलांसाठी वैद्यकीय प्रवेशात साडेसात टक्के जागा कायद्याने राखल्या गेल्या. पहिल्याच फेरीत अशी स्थिती उद्भवली, की खाजगी महाविद्यालयांत जागा मिळालेली मजुरांची मुले शुल्काच्या आकड्यापुढे हतबल होऊन माघारी फिरू लागली. तेव्हा त्या सरकारने त्यांचे शिक्षणशुल्क व वसतिगृहाचे शुल्क आपल्या शिरावर घेतले. जागा आणि पैसा या दोन गोष्टी एकत्र दिल्याखेरीज एकीलाही अर्थ नाही, हे त्यांना एका हंगामात उमगले.

आता तगाईकडे वळू. सरकारी महाविद्यालयात शिकलेल्या प्रत्येकाने पदवीनंतर एक वर्ष सरकारी सेवा करावी अशी महाराष्ट्रात शर्त आहे; तिला सारे ‘बाँड’ म्हणतात. बरीच वर्षे दहा लाख रुपये दंड भरून यातून सुटण्याची सोय होती; ती बंद करण्याचे पाऊल सरकारने अलीकडे उचलले, परंतु तोवर तिने व्हावयाचे ते शिकवून ठेवले होते. सधन घरच्या मुलाला ते दहा लाख म्हणजे उशिरा भरावयाचा शुल्काचा एक हप्ता वाटे. जो ते भरू शकत नसे तो मुकाट्याने दुर्गम आरोग्य केंद्रावर जाई. म्हणजे तगाई घेतली सर्वांनी, आणि पीक मात्र गरिबाच्याच शेतातून वसूल झाले. शिवाय पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेच्या चिंतेने ग्रासलेल्या तरुणाला ते एक वर्ष वाया गेलेले वाटते. तो केंद्रावर असतो, पण त्याचे चित्त पुस्तकात असते, आणि गावाची नाडी हाती लागेपर्यंत त्याची मुदत भरते.

तगाई चांगल्या रीतीने कशी द्यावी याचा धडा मला जपानमध्ये सापडतो. १९७२ मध्ये तोचिगी प्रांतात जिची वैद्यकीय विद्यापीठाची स्थापना झाली, आणि ती केली देशातील सर्व प्रांतांच्या सरकारांनी एकत्र येऊन. त्या देशात ४७ प्रांत आहेत. प्रत्येक प्रांत आपल्याकडील दोन-तीन विद्यार्थी स्वतः निवडून पाठवतो. त्यांच्या सहा वर्षांच्या शिक्षणाचा खर्च कर्जाऊ दिला जातो. आणि पदवीधराने आपल्या प्रांतात परतून शिक्षणकाळाच्या दीडपट, म्हणजे साधारण नऊ वर्षे, प्रांतसरकार नेमील तेथे सेवा केली की ते सारे कर्ज माफ होते. त्या नऊ वर्षांतली निम्म्याच्या आसपास वर्षे बेटांवर, डोंगरी वस्त्यांत, जेथे दुसरा डॉक्टर नाही अशा ठिकाणी काढावयाची असतात. करार मोडला तर रक्कम व्याजासह एकरकमी परत करावी लागते. नऊ वर्षांची शर्त ऐकून आपल्याकडचा विद्यार्थी मूर्च्छित होईल. तेथे मात्र बहुतेक सगळे ती पुरी करतात, आणि मुदत संपल्यावरही इतर महाविद्यालयांच्या पदवीधरांपेक्षा अधिक प्रमाणात ग्रामीण भागात राहतात. कारण मला असे दिसते, की त्यांना कोणा अपरिचित मुलखात हद्दपार केलेले नसते. ज्याने पैसा दिला तो आपलाच प्रांत, जेथे जावयाचे तो आपलाच मुलूख, आणि आपल्या आधी तेथे राहून आलेले दहा-वीस ज्येष्ठ विद्यार्थी पाठीशी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये दुर्गम भागांत आरोग्यसेवक टिकवण्याविषयी ज्या शिफारशी केल्या, त्यांतही ग्रामीण पार्श्वभूमीचे विद्यार्थी घ्यावेत आणि सेवेच्या कराराशी जोडलेल्या शिष्यवृत्त्या द्याव्यात, या दोन गोष्टी आहेत. मला त्या एकाच गोष्टीच्या दोन बाजू वाटतात.

आपल्याकडे या विचाराच्या सर्वांत जवळ गेलेली संस्था सेवाग्रामची. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नायर यांनी काढलेल्या तेथील वैद्यकीय महाविद्यालयाचा निम्मा खर्च केंद्र सरकार, पाव हिस्सा राज्य सरकार आणि उरलेला कस्तुरबा हेल्थ सोसायटी उचलते. नव्याने आलेली मुले आधी आश्रमात पंधरवडा काढतात. पुढे एकेका तुकडीने एकेक गाव दत्तक घ्यावयाचे, मुलांनी त्या गावात शिबिरासाठी राहावयाचे, आणि प्रत्येकाला नेमून दिलेल्या कुटुंबांशी पुढची वर्षे संबंध ठेवावयाचा, असा तेथला शिरस्ता आहे. पदव्युत्तर प्रवेश हवा असेल तर आधी दोन वर्षे खेड्यात सेवा, ही अटही त्या संस्थेने घातली; जे आमिष इतरत्र डॉक्टरला खेड्यातून ओढून नेते, तेच येथे त्याला खेड्यात धरून ठेवण्यास वापरले गेले. हेमलकसा किंवा मेळघाटातील बैरागड येथे आयुष्य वेचणाऱ्या दांपत्यांची उदाहरणे आपण आदराने सांगतो, आणि सांगावीतच. पण त्यागावर संप्रदाय चालतो, खाते चालत नाही.

आणि तगाई देणाऱ्याचेही काही कर्तव्य असते. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला अमेरिकेस जाण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, ती परतल्यावर बडोदे संस्थानची दहा वर्षे चाकरी करण्याच्या करारावर. घेणारा इमानेइतबारे परत आला. १९१७ मध्ये तो बडोद्यात हजर झाला, त्याला हुद्दाही मिळाला. पण त्या शहरात त्याला राहण्यास जागा मिळेना, पारशांच्या वसतिगृहातून त्याला काठ्यांच्या धाकाने बाहेर काढण्यात आले, आणि करार तेथेच भंगला. तो ऋणकोने मोडला असे कोण म्हणेल? जातीच्या त्या अपमानाची बरोबरी दुसऱ्या कशाशी करावयाची नाही. पण ज्याला बोलावले त्याच्यासाठी घर तयार नाही, ही हकीकत आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत निराळ्या कारणांनी नित्य घडते. जन्माने नाशिकचे असलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्ये ज्या केंद्रांचा आराखडा मांडला, ती आज सपाटीवर तीस हजार आणि डोंगरी व आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक अशी असावयाची. अशा एका केंद्रावर मी गेलो आहे. बाह्यरुग्ण विभाग झाडलेला होता, औषधांचे कपाट भरलेले होते, परिचारिका कामात होती. मागच्या बाजूच्या डॉक्टरांच्या निवासस्थानाला मात्र कुलूप होते, छपराच्या सांध्यातून पाणी झिरपून भिंतीवर शेवाळाचा नकाशा उमटला होता, आणि डॉक्टर तालुक्याहून अपडाउन करीत होते. त्यांची मुलगी दुसरीत होती. जवळपास तिच्या शाळेची सोय नव्हती. मी त्यांना दोष देऊ शकलो नाही.

पाऊस उघडला तेव्हा त्या शेतकऱ्याने तलाठ्याला फोन लावून उद्याची वेळ ठरवून घेतली होती, आणि संगणकामागचा मुलगा बाँडचा मसुदा मुद्रांकावर छापून काढीत होता. जामीनदार म्हणून बापाची सही हवी होती. त्याने मजकूर अक्षर लावून वाचला, सही केली, आणि विचारले, “हिला मग आपल्याच केंद्रावर पाठवतील का? आमच्या गावापासून चार किलोमीटर आहे. तीन वर्षं डॉक्टर न्हाई तिथं.”

मुलाने पडद्यावर वरपासून खालपर्यंत पाहिले. “तसा रकाना नाही काका,” तो म्हणाला, आणि पुढच्या माणसाचे कागद हाती घेतले.