मत्स्यालयातील नायट्रोजन चक्र आणि दिल्लीचे पाणी

दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील घरांतून आणि शाळांतून जलवनस्पती लावलेली मत्स्यालये आढळतात. नव्याने आणलेले लहान मासे काही दिवसांतच दगावतात, ही त्यांबाबतची नेहमीची तक्रार होय. दोष बहुधा विक्रेत्याला दिला जातो. परंतु पुष्कळदा खरे कारण पाण्याच्या रसायनात असते. दिल्लीचा पाणीपुरवठा हिवाळ्यात अधूनमधून का विस्कळीत होतो, याचे उत्तरही याच रसायनात सापडते.

चक्र कसे चालते?

मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले अन्न व कुजकी पाने त्यात भर घालतात. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये, तर नायट्रोस्पिरा गटातील जिवाणू नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. अमोनिया विषारी आहे. नायट्राइटमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. नायट्रेट तुलनेने सौम्य असून वनस्पतींना ते खताप्रमाणे उपयोगी पडते. शिवाय वनस्पती अमोनियमही थेट शोषून घेतात. हे जिवाणू फिल्टरमधील स्पंजावर व तळाच्या वाळूवर वसतात. त्यांची पुरेशी वाढ होण्यास सर्वसाधारणपणे ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणून वनस्पती व जिवाणू आधी आणि मासे नंतर, हा क्रम आवश्यक ठरतो.

अमोनियाची घातकता पाण्याच्या सामूवर अवलंबून असते. २५ अंश सेल्सिअस तापमानात सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी वायुरूपात असतो. सामू ८ झाल्यास तो ५ टक्क्यांवर जातो. उरलेला भाग तुलनेने निरुपद्रवी अमोनियम आयनाच्या रूपात राहतो.

राजधानीच्या पाण्याची वैशिष्ट्ये

यमुनेच्या पाण्यात औद्योगिक व नागरी सांडपाण्यामुळे अमोनिया वाढतो. त्याचे प्रमाण लिटरमागे सुमारे १ मिलिग्रॅमच्या वर गेल्याने वझिराबाद व चंद्रावल येथील जलशुद्धीकरण केंद्रांचे उत्पादन घटवावे लागल्याचे प्रसंग अनेक हिवाळ्यांत घडले आहेत. अमोनियायुक्त पाण्यात क्लोरिन मिसळल्यास क्लोरामाइन तयार होते. साधा क्लोरिन पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवल्यास बराचसा उडून जातो. क्लोरामाइन मात्र सहज जात नाही. त्यासाठी ते निष्प्रभ करणारे द्रावण वापरावे लागते.

या परिसरातील कूपनलिकांचे पाणी पुष्कळदा क्षारयुक्त व कठीण असते. भारतीय मानक १०५०० : २०१२ नुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या घन पदार्थांची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम, तर एकूण कठीणपणाची मर्यादा २०० मिलिग्रॅम आहे. अ‍ॅमेझॉन खोऱ्यातील निऑन टेट्रा हा मूळचा मृदू, आम्लधर्मी पाण्यातील मासा असल्याने अशा कठीण पाण्यात त्याची निवड जोखमीची ठरते. याउलट झेब्रा मासा आपल्याच उपखंडातील असून तो सौम्य कठीण पाणी व तापमानातील चढउतार बऱ्यापैकी सहन करतो. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेतील माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले. २००९ मध्ये दिल्लीच्या जीनोमिकी व समवेत जीवविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्याच्या वन्य वाणाचा जनुकीय आराखडा उलगडला.

संख्या आणि सवय

६० × ३० × ३० सेंटिमीटर मापाच्या टाकीची क्षमता ५४ लिटर असते. वाळू व वरची मोकळी जागा वजा जाता सुमारे ४५ लिटर पाणी उरते. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य असल्याची चाचणीने खात्री झाल्यावर अशा टाकीत प्रथम ६ झेब्रा मासे सोडावेत. हे मासे थव्याने राहतात, म्हणून याहून कमी आणू नयेत. जिवाणूंची संख्या वाढत्या भाराशी जुळण्यास अवधी लागतो. त्यामुळे पुढची भर दोन आठवड्यांनी घालणे इष्ट.

मासे आणलेली पिशवी बंद ठेवून १५ ते २० मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी. तापमान समान होते. नंतर अर्ध्या तासात थोडे थोडे टाकीचे पाणी पिशवीत मिसळावे. मात्र पिशवी दीर्घकाळ बंद राहिली असल्यास हा काळ वाढवू नये. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे सामू कमी राहतो. ती उघडताच वायू निसटतो, सामू चढतो आणि साठलेला अमोनिया विषारी होतो. मासे जाळीने उचलून टाकीत सोडावेत व पिशवीतील पाणी टाकून द्यावे. त्या दिवशी दिवे मंद ठेवावेत. शक्य असल्यास नवे मासे दोन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावेत, म्हणजे रोग पसरत नाही.

उन्हाळ्यात विशेष दक्षता हवी. २० अंशाच्या संपृक्त पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशाला तो साडेसातवर येतो. रात्री वनस्पतीही प्राणवायू वापरतात. म्हणून हवेचा पंप आणि माशांची मर्यादित संख्या यांना पर्याय नाही.

परिसंस्थेची जबाबदारी

नकोसे झालेले मासे नदीत वा तलावात सोडणे हा मात्र गंभीर अपराध मानला पाहिजे. मत्स्यालयांच्या व्यापारातून आलेला दक्षिण अमेरिकी सकरमाउथ कॅटफिश २०२० मध्ये वाराणसीजवळ गंगेत आढळला. असे परके मासे स्थानिक प्रजातींच्या अन्नावर व अधिवासावर ताण आणतात. काचेच्या टाकीत जिवाणूंच्या क्षमतेपेक्षा अधिक भार पडला की मासे मरतात. नदीत सांडपाण्याचा भार तिच्या शुद्धीकरणक्षमतेपलीकडे गेला की शहराच्या नळाला पाणी येत नाही. प्रमाण भिन्न असले, तरी नियम एकच आहे.