दस्तार आणि पितळेची चकती

जुन्या युद्धपटांवर काही लिहून द्यावे अशी संपादकांची फर्मायश आली, तेव्हा औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर म्हणावयाचे) माणसाने इंग्लंडच्या आकाशातील झुंजींशी कोणते नाते सांगावे, हे मला कळेना. मग आठवले, की १९४० च्या त्या लढाईत स्पिटफायर विमाने उडवणाऱ्या १५२ क्रमांकाच्या पथकाचे नावच ‘हैदराबाद’ होते. त्याच्या बोधचिन्हावर निजामाची दस्तार होती आणि खाली ब्रीद होते ‘विश्वासू मित्र’. नाव लाभले ते निजामाच्या देणगीमुळे, आणि ती दौलत ज्या मुलखाच्या महसुलावर उभी होती त्यात आमचा औरंगाबाद सुभाही होता.

स्पिटफायरवरचा ‘द फर्स्ट ऑफ द फ्यू’ हा चित्रपट १९४२ चा, म्हणजे ऐन युद्धातला. दिग्दर्शक आणि नायक लेस्ली हॉवर्ड, ज्याचे प्रवासी विमान पुढच्याच वर्षी जर्मनांनी बिस्केच्या उपसागरावर पाडले. स्पिटफायरचा जनक मिचेल १९३७ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी वारला. हॉवर्डने त्याला कृश, स्वप्नाळू कवी करून टाकले आहे, खरा मिचेल तसा नव्हता. झुंजींच्या दृश्यांसाठी इब्सली तळावर खरी विमाने आणि खरे वैमानिक घेतले, हे मात्र प्रामाणिक काम.

परंतु स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनातील ज्या कार्ब्युरेटराचा चित्रपट उच्चारही करत नाही, त्याच्यापाशी माझे मन अडकले. शत्रूचा पाठलाग करताना नाक एकाएकी खाली दाबले, की त्यातले पेट्रोल वर उसळे, इंजिन क्षणभर उपाशी राही आणि लागलीच इतके पेट्रोल लोटे की त्याचा श्वास कोंडे. जर्मन इंजिनात पंप थेट सिलिंडरात इंधन सोडत असल्यामुळे मेसरश्मिट तेवढ्यात सूर मारून निसटे, आणि इंग्रज वैमानिकाला आधी विमान अर्धे पालथे करून मग खाली झेपावावे लागे.

यावर तोड काढली ती फार्नबरोच्या संशोधनसंस्थेतील बीअट्रिस शिलिंग या अभियंता बाईंनी. ब्रुकलँड्सच्या शर्यतपथावर ताशी १०० मैलांहून अधिक वेगाने मोटारसायकल हाकलेल्या बाई त्या! त्यांनी इंधनाच्या वाटेत भोक पाडलेली पितळेची एक लहानशी चकती बसवली; भोक नेमके एवढेच, की पूर्ण जोराला लागणारे पेट्रोल जावे आणि वरकड थोपून राहावे. इंजिन विमानातून न उतरवता ती बसवता येई. १९४१ च्या मार्चपासून बाई आणि त्यांची लहानशी तुकडी तळातळावर फिरून हे काम करत होती.

तरीही दुखणे पुरते हटले नाही. पेट्रोलाचा लोंढा थांबला, उपासमार थांबली नाही. विमान पालथेच ठेवून उडवायचे म्हटले तर इंजिन पूर्वीसारखेच बंद पडे, आणि दाबावर चालणारा नवा कार्ब्युरेटर यायला १९४३ उजाडले. १९४१ च्या उत्तरार्धात इब्सलीत चित्रीकरण चालले असता कॅमेऱ्यासमोरून गरजत गेलेल्या विमानांच्या घशात बहुधा ती चकती होतीच. पडद्यावर दिसतात ते ढग आणि पंख.