म्यूऑन : शोधकाची अखंड मोजपट्टी

जपानमधल्या कामिओका खाणीत, हजार मीटर खडकाखाली, ‘सुपर-कामिओकांडे’ हा ५०,००० टन पाण्याचा शोधक १९९६पासून न्यूट्रिनो टिपतो आहे. पण वर्षे सरतात तसा पाण्यातला प्रकाश टिपणाऱ्या प्रकाशगुणक नलिकांचा प्रतिसाद बदलतो, पाण्याची पारदर्शकताही. मग जुना आणि आजचा संकेत एकाच मापाने कसा मोजायचा?

वैश्विक किरणांतून जन्मलेले म्यूऑन एवढा खडक भेदून सेकंदाला साधारण दोन या प्रमाणात टाकीत शिरतात. थोडे पाण्यातच थांबतात आणि सुमारे २ मायक्रोसेकंदांत विघटन पावून इलेक्ट्रॉन सोडतात. या इलेक्ट्रॉनची कमाल ऊर्जा सुमारे ५३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. ती म्यूऑनच्या वस्तुमानानेच ठरते. त्यामुळे या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचा मोजलेला आलेख सरकला, तर बदल शोधकातच झाला हे नक्की. मला यातली सुंदर गोष्ट ही वाटते, की सौर न्यूट्रिनोंच्या शोधात हेच म्यूऑन एरवी अडथळा ठरतात.

सौर न्यूट्रिनोंची ऊर्जा मात्र बरीच कमी. त्या पट्ट्यातले निरपेक्ष माप ठरवायला टाकीजवळ छोटा रेषीय प्रवेगक बसवला आहे. तो अधूनमधूनच चालवता येतो. म्यूऑन रात्रंदिवस येतच असतात.