कोल्हापुरी कोणाची? नक्कल, नाव आणि कारागिराचा हिस्सा

सदरच्या रेसिडेन्सी रोडवर दुकान चालविणाऱ्या व्यापाऱ्याला इटलीतील फॅशन शोशी काय घेणे-देणे, असे कोणी विचारील. आम्ही म्हणतो, घेणे-देणे आहे आणि ते थेट गल्ल्याशी आहे.

२२ जून २०२५ रोजी मिलान शहरात प्राडा या बड्या कंपनीने पुरुषांच्या पोशाखांचा शो केला. त्यात मॉडेलांच्या पायांत ज्या चपला होत्या, त्या आपल्याकडचे लहान पोरही कोल्हापुरी म्हणून ओळखेल. कंपनीने मात्र त्यांना नुसते चामड्याचे सँडल म्हटले. ना कोल्हापूरचे नाव, ना कारागिराचे. गदारोळ झाला. महाराष्ट्र चेंबरने कंपनीला पत्र पाठविले, तेव्हा या चपलांची प्रेरणा भारतीय हस्तकलेतून घेतल्याचे कंपनीने मान्य केले.

चुकले कोठे?

दुसऱ्याची कला घेणे हाच गुन्हा, असे आम्ही मानत नाही. तसे मानले तर आपल्या कारागिरांचे निम्मे हुन्नर बंद पडतील. मिरजेचे उदाहरण घ्या. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी सतार आणि तंबोरा घडविण्याची विद्या हस्तगत केली. मुसलमान कारागिराच्या हातचा तो तंबोरा मंदिरातही वाजतो आणि मैफलीतही. याला कोणी चोरी म्हणत नाही. घेणाऱ्याने विद्या शिकून घेतली, ती जतन केली आणि तिचे श्रेय लपविले नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

कोल्हापुरीच्या बाबतीत नाव गळाले आणि नावाबरोबर हिस्साही गळाला. म्हशीचे कातडे बाभळीच्या सालीने व हिरड्याने कमवायचे, तळ हाताने शिवायचा, वेणी हाताने गुंफायची, हे काम चर्मकार समाजाने पिढ्यान् पिढ्या केले. त्यांना मजुरी तुटपुंजी आणि त्यांच्या घाटाला परदेशात सोन्याचा भाव, हा खरा सल आहे.

कायदा किती पुरतो?

भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा. तो २००३ पासून अमलात आला. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा त्यावर हक्क आहे. पण हे मानांकन नावाचे रक्षण करते, घाटाचे नव्हे, आणि तेही देशाच्या हद्दीत. प्राडाने नावच वापरले नव्हते. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, ती जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली. नोंदणीकृत मालकाने दाद मागावी, तिऱ्हाइताने नव्हे, अशी न्यायालयाची भूमिका होती.

तोडगा निघाला तो बोलणीतून. डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी कंपनीने करार केला. दोन हजार जोड भारतात तयार करायचे आणि प्रत्येकी सुमारे ८०० युरोला, म्हणजे ८० हजार रुपयांहून अधिक किमतीला विकायचे, असे ठरले. कारागिरांच्या प्रशिक्षणाचीही त्यात तरतूद आहे. त्या किमतीतला किती वाटा शिवणाऱ्याच्या हाती पडतो, यावर या कराराची परीक्षा होईल.

आपल्या फळीवर काय आहे?

आता हाच माप-तोल आपल्यालाही लावू. रेक्झिनची चप्पल ‘कोल्हापुरी’ म्हणून, यंत्रावरची साडी ‘पैठणी’ म्हणून विकली, तर प्राडाला नावे ठेवण्याचा आपल्याला काय अधिकार? प्राडाने नाव गाळले. असा दुकानदार तर खोट्या मालावर खरे नाव चढवितो. खोटे मानांकन लावणे आणि तसा माल विकणे, दोन्ही गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. ‘कोल्हापुरी पद्धतीची, रेक्झिन’ असे बिलावर स्वच्छ लिहिले तर गिऱ्हाईक तुटत नाही, उलट विश्वास बसतो.

दुसरी गोष्ट श्रद्धेची. १९९४ मध्ये शनेल कंपनीने कुरआनच्या आयती असलेला पोशाख शोमध्ये आणला. १९९७ मध्ये नायकेच्या बुटांवरील अक्षरे ‘अल्लाह’ या शब्दासारखी दिसली. दोन्ही वेळी मुसलमानांची मने दुखावली. शनेलने माफी मागितली, नायकेने सुमारे ३८ हजार जोड परत मागविले. मग देवादिकांची चित्रे असलेली पायपुसणी किंवा चप्पल घाऊक बाजारात स्वस्त मिळाली, तरी आपल्या दुकानात ती येता कामा नये. जे आपल्याला टोचले, ते दुसऱ्यालाही टोचते.

शेवटी कारागीर बांधवांसाठी. मानांकन असलेल्या भागात तोच माल तुम्ही घडवीत असाल, तर ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःच्या नावाने नोंदणी करून घ्या. अर्ज चेन्नईच्या भौगोलिक मानांकन नोंदणी कार्यालयाकडे जातो. २०२० च्या दुरुस्तीने त्याचे शुल्क अवघे दहा रुपये झाले. या कायद्यांचे शिक्षण देणारी राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था सदरला लागूनच, सिव्हिल लाइन्समध्ये आहे. तेथे जाऊन चौकशी करा. नोंद नसलेल्या हाताचा हुन्नर कोणीही उचलतो, आणि मग भांडायला कागद लागतो.